अंडं न फुटणारं पुस्तक

मी एक जुनं चित्रांचं पुस्तक आहे. मित्रांनो, पुस्तकच बोलायला लागलं म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, हे आता पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं नीट सांगेल. पहिल्यापासून सांगतो, शेवटाचं तेवढं विचारू नका. माझं शेवटचं पान माझ्यापाशी नाही. त्याच्या जागी माझं पहिलंच पान पुन्हा शिवलं गेलं आहे. त्याला कारण माझे बाइंडर, आणि बाइंडरांच्या चुकीला कारण त्यांची लेक. ती बिचारी त्या वेळी जेमतेम एका तासाची होती.

मी जन्मलो तो कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली. खळीचा आंबूस वास, पायांत कातरलेल्या कागदाच्या पट्ट्या, आणि मधोमध एक भलंमोठं टेबल. टेबलावर सुट्या पानांच्या थप्प्या ओळीनं मांडलेल्या असत. जुळणी करणाऱ्या बायका कडेकडेनं चालत जात आणि प्रत्येक थप्पीवरचं एकेक पान उचलत. टेबल संपलं की हातात पुस्तक जुळलेलं. मग दाभणानं भोकं पाडायची, दोऱ्यानं शिवायचं.

माझी पानं होती दहा, एकाच बाजूनं छापलेली. पहिल्यावर एक कोंबडी टोपलीत अंड्यावर बसलेली. दुसऱ्यावर ती जराशी कूस बदलते आणि अंडं निसटतं. मग ते घरंगळत घरंगळत पायरीवरून उतरतं, मांजराच्या शेपटीजवळून जातं, बादलीला वळसा घालतं, खुर्चीखालून निघून अंगणापलीकडे पोचतं, आणि कोंबडी आपली पंख पसरून मागं धावतेय. दहाव्या पानावर अंडं एका दगडाला टेकतं आणि पिल्लू बाहेर येतं. असं म्हणतात. मी ते पान पाहिलेलं नाही.

त्या दिवशी जुळणीची बाई आली नव्हती, म्हणून बाइंडर स्वतःच टेबलाभोवती फिरत होते. माझी नऊ पानं त्यांच्या हातात आली आणि दारातून कोणीतरी म्हणालं, ‘अहो, मुलगी झाली तुम्हाला. दोघी सुखरूप आहेत.’ बाइंडर थांबले. उगाच चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. आणि टेबलाच्या टोकाकडे जायच्याऐवजी वळले आणि पहिल्या थप्पीवरचं पान उचलून माझ्यावर ठेवलं. मला कळलं, पण सांगू कसं? पुस्तकाच्या पोटात कितीही असो, ते बाहेर यायला तोंड दुसऱ्याचं लागतं.

मालकांनी तपासताना मला पकडलं.

‘मुलगी तुम्हाला झाली, आणि कोंबडीला कशाला परत अंड्यावर बसवलंत?’ ते म्हणाले.

बाइंडरांनी मान खाली घातली, पण ओठ काही मिटत नव्हते.

‘न्या हे घरी. दुकानात तर जाणार नाही. मुलगी मोठी होऊन चूक काढेल तोवर चालेल.’

मुलीनं चार वर्षांची होताच चूक काढली. तिला वाकडं काही खपत नसे.

‘बाबा, पिल्लू कुठंय?’

‘कारखान्यात राहिलं.’

‘मग आणा ना.’

‘उद्या आणतो.’

हा ‘उद्या’ ती शाळेत जाईपर्यंत चालला. एकदा रागावून तिनं माझ्या शेवटच्या पानावर लाल पेन्सिलीनं मोठी फुली मारली. पुढं शाळेची पुस्तकं आली आणि मी त्यांच्या मागे गेलो. मग कपाटाच्या तळाशी गेलो, जुन्या स्वेटरांच्या खाली. तिथं मला कसर लागली. मी किती वर्षं तसा पडून होतो ते मला मोजता आलं नाही, कारण माझ्यात आकडे फक्त नऊपर्यंत आहेत.

मग त्या लेकीला लेक झाली. तिचं खरं नाव काय असेल ते असो, घरात सगळे तिला ठकू म्हणत. लेक माहेरच्याच घरात राहत होती, जावईही तिथंच. बाइंडर आता काम सोडून घरी बसले होते, पण त्यांच्या बोटांना चैन पडेना. त्यांनी मला बाहेर काढलं, झटकलं, दोरा उसवला. प्रत्येक पान जाड पुठ्ठ्यावर चिकटवलं, कोपरे गोल कापले, पाठीला निळं कापड लावलं. हे का, तर ठकूच्या बोटांना पातळ पान उलटता येत नव्हतं आणि तिच्या तोंडाला मात्र ते फार आवडत होतं.

‘बाबा, आता तरी ते शेवटचं पान काढून टाका,’ लेक म्हणाली.

‘राहू दे गं. संपलं की आपोआप पहिल्यावर येतं. उलटं करायला नको.’

‘तुमची चूक तुम्ही काही कबूल करणार नाही.’

‘ती चूक झाली तेव्हा तू झालीस. कशी कबूल करू?’

लेक चष्म्यांच्या दुकानात कामाला जायची. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या आणि समोरच्याला विचारायचं, ‘आता स्पष्ट दिसतंय ना?’ दुपारी घरात ठकू, तिचे आजोबा म्हणजे आपले बाइंडर, आणि आजी. आजी आतल्या खोलीत पडलेली असायची. बाहेर खिडकीखाली चटईवर आजोबा मला मांडीवर घेत, आणि ठकू माझ्यावर बसायला बघे.

आजोबा छापलेलं वाचत, पण त्यात स्वतःचंही घालत. प्रत्येक पानाला थांबून विचारत, ‘फुटलं का अंडं?’ आणि मान हलवून जाड आवाजात स्वतःच म्हणत, ‘अजून नाही.’ मग पान उलटत. शेवटी कोंबडी पुन्हा टोपलीत आलेली दिसली की डोळे मोठे करून म्हणत, ‘अजून?’ आणि पुन्हा सुरू. ठकूला दोन वर्षं होत आली तरी तिला बोलता येत नव्हतं. पण एका दुपारी तिनं माझ्या लाल फुलीवर हाताचा पंजा आपटला आणि ती म्हणाली, ‘आजू.’

आजोबा वाकून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ‘अजून? बरं बाई. अजून.’

ही गोष्ट त्यांनी संध्याकाळी कोणाला सांगितली नाही. सांगितली असती तर सगळे ठकूभोवती गोळा होऊन ‘म्हण, म्हण’ करत बसले असते आणि तिनं तोंड घट्ट मिटलं असतं. तसंही रोज संध्याकाळी तिची शिकवणी चालायचीच. ‘आजोबा म्हण. आ-जो-बा.’ ठकू भिंतीकडे बघायची.

असे आठ-दहा दिवस गेले असतील. मग एका सकाळी आजोबा उठले नाहीत.

मित्रांनो, घरात त्या दिवशी खूप चपला होत्या. मी चटईवर पालथा पडलो होतो. लेक भिंतीला टेकून बसली होती. तिला पाणी दिलं की पाणी प्यायची, काही विचारलं की उत्तर द्यायची, आणि तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. ‘हिला रडवा गं कोणीतरी,’ असं तिची मावशी हळूच म्हणालेलं मी ऐकलं.

तेवढ्यात ठकूनं मला उचललं. दोन्ही हातांनी पोटाशी धरून, पायांमधून वाट काढत ती आईपाशी गेली. मला तिच्या मांडीवर टाकलं आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, ‘आजू.’

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

‘अगं बाई,’ मावशी म्हणाली. ‘आजोबांना हाक मारली पोरीनं.’

‘आजू,’ ठकू पुन्हा म्हणाली आणि माझ्यावर पंजा आपटला.

मग लेक रडली. ठकूला छातीशी धरून अशी रडली की माझं कव्हर ओलं झालं. ‘आज बोललीस गं. आज बोललीस, आणि ऐकायला ते नाहीत.’

मी सांगत होतो, नाही हो, ती ‘अजून’ म्हणतेय. तिला फक्त मला वाचून हवंय. पण मी मिटलेला होतो. आणि उघडा असतो तरी माझ्यात ते छापलेलं कुठं होतं? ‘अजून’ हा शब्द माझ्या दहा पानांत एकदाही नाही. तो आजोबांचा होता.

त्यानंतर ठकूनं मला दोन-तीनदा आईकडे नेलं. दर वेळी ‘आजू’ म्हणाली, दर वेळी आईचे डोळे भरले, आणि ते बघून ठकू बावरली. शेवटी लेकीनं मला कापडानं हलक्या हातानं पुसलं आणि कपाटाच्या माथ्यावर ठेवलं. ‘हे बघितलं की तिला आठवण येते,’ ती नवऱ्याला म्हणाली. ‘कशाला तिला त्रास?’ कपाटाशेजारच्या भिंतीवर त्यांनी आजोबांचा फोटो लावला.

आता बघा, काय पेच झाला ते. ठकू रोज कपाटापाशी यायची. मान मागे टाकून, एक बोट वर करून म्हणायची, ‘आजू.’ बोट माझ्याकडे असायचं. पण फोटो माझ्यापासून हातभरच लांब. मग कोणीतरी तिला उचलून फोटोपाशी न्यायचं. ‘हो हो, आजू. नमस्कार कर आजूंना.’ ठकू त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे हात लांबवायची आणि ते तिला परत खाली ठेवायचे. सगळे तिच्यावर माया करत होते, आणि त्या मायेमुळंच तिला पुस्तक मिळत नव्हतं. असं महिना-दीड महिना चाललं. माझ्यावर धूळ बसली. धुळीचं मला काही नाही, ती सवयीची आहे. पण खाली मूल हात वर करून उभं आहे आणि आपल्याला बोटभर पुढं सरकून खाली पडताही येत नाही, याची सवय होत नाही.

मधे दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लेकीला सांगितलं होतं की ठकूचे शब्द कमी आहेत, तिला रोज मोठ्यानं वाचून दाखवा. लेकीनं ते मनावर घेतलं. दुकानातून येताना पुस्तकं आणू लागली. निवडताना ती किती वेळ उभी राहत असेल ते पुस्तकांवरून कळायचं. एकात फळं, एकात वाहनं, एकात घरातल्या वस्तू आणि खाली त्यांची नावं. कुठं एक अक्षर वाकडं नाही. जावयांनी बटणाचं पुस्तक आणलं. बटण दाबलं की गाय हंबरायची.

‘हे काय? सांग बरं, हे काय?’ लेक विचारायची.

ठकू पुस्तक मिटायची.

‘अगं, निदान बघ तरी. हे सफरचंद. म्हण, सफरचंद.’

ठकू त्याच्यावर बसायची.

‘आता बसायला तरी उपयोग झाला,’ जावई म्हणाले. लेकीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठून गायीची बॅटरी बदलायला लागले. गायीच्या बॅटरीला काही झालं नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी लेक ठकूला घेऊन वाचनालयात गेली. परत आल्यावर तिथलं सगळं तिनं आजीला सांगितलं, म्हणून मला कळलं. तिनं सात पुस्तकं काढून टेबलावर ठेवली तेव्हा वाचनालयाच्या बाईंनी विचारलं होतं, ‘ताई, ही पुस्तकं तुम्ही कोणासाठी निवडलीत?’

‘हिच्यासाठी. डॉक्टरांनी सांगितलंय, रोज वाचून दाखवा.’

‘मला वाटलं डॉक्टरांसाठी. अहो, हिची परीक्षा नाहीये. दोन-तीन पुस्तकं जमिनीवर पसरा, तुम्ही गप्प बसा, आणि ती कुठलं उचलते ते बघा. तेच वाचा. दहादा म्हणाली तर दहादा वाचा.’

‘किती तोऱ्यात बोलली बाई,’ लेक आजीला म्हणाली. पण दुपारी तिनं चटईवर तीन पुस्तकं पसरली आणि खरोखरच गप्प बसली.

ठकूनं एक पुस्तक उलटं करून पाहिलं. दुसरं चाटलं. तिसऱ्यावर पाय दिला आणि तशीच थेट कपाटापाशी आली. बोट वर केलं. ‘आजू.’

मी वरून बघत होतो. लेकीचे खांदे खाली गेले. ‘बघ ना आई,’ ती म्हणाली. ‘मी काहीही आणलं तरी हिला तेच हवेत. कुठून आणू मी त्यांना?’

आजी दाराच्या चौकटीत उभी होती. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ती बोलली नाही. पुस्तकं उचलून ठेवायला लागली.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्वयंपाकाचा ओटा होता, तिथं लेकीनं ठकूला दूध दिलं. छोटा पेला, त्यात अर्धाच, कारण पूर्ण भरला की निम्मं फ्रॉकवर जायचं. ठकूनं ते संपवलं, ओठावर पांढरी मिशी तशीच, आणि रिकामा पेला आईपुढं धरला.

‘आजू.’

लेकीचा हात हवेतच थांबला. थोड्या वेळानं तिनं पातेल्यातून दोन घोट दूध ओतलं. ठकू प्यायली. पेला पुन्हा पुढं.

‘आजू.’

लेक तिथंच ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसली. ‘अजून,’ ती स्वतःशी म्हणाली. ‘अजून म्हणतेय ही.’ मग आजीकडे वळली. ‘आई, ही अजून म्हणतेय. हिनं बाबांना हाक मारलीच नव्हती.’

‘मला ठाऊक होतं,’ आजी म्हणाली.

‘काय?’

‘दुपारी मी आत पडलेली असायचे. झोपलेली नसायचे. त्यांचं ते अजून-अजून रोज ऐकलंय मी.’

‘मग बोलली का नाहीस?’

आजीनं हातातली पुस्तकं एकावर एक सारखी केली. ‘त्या दिवशी तू रडत नव्हतीस. तिनं तो शब्द काढला तेव्हा रडलीस. मग कुठल्या तोंडानं सांगू, की ती तसं म्हणालीच नाही?’

‘आणि पुस्तक? तिला पुस्तक हवं होतं, हे पण माहीत होतं तुला?’

‘पुस्तक तूच वर ठेवलंस. मला वाटलं, तुला ते बघवत नाही.’

मित्रांनो, तो क्षण मला आवडला नाही. मी इतके दिवस ज्याची वाट बघत होतो ते घडलं होतं, आणि लेकीचा चेहरा मात्र दुसऱ्यांदा काहीतरी गेल्यासारखा झाला होता. तिच्यापाशी वडिलांची म्हणून एक हाक उरली होती. तीही गेली.

मग ती उठली, स्टूल ओढलं आणि मला खाली काढलं.

चटईवर तिनं मला उघडलं तेव्हा ठकू इतक्या घाईनं मांडीत शिरली की दुधाचा रिकामा पेला लवंडला. कोणी उचललाही नाही. लेक वाचू लागली. टोपलीतली कोंबडी, निसटलेलं अंडं, पायरी, मांजर. तिनं छापलेलं सगळं बरोबर वाचलं आणि पान उलटायला गेली, तर ठकूनं पानावर हात दाबून धरला. पान उलटू देईना. आईच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली.

‘काय गं? झालं ना हे पान?’

ठकू हात काढेना.

‘फुटलं का, म्हण,’ आजी म्हणाली. ‘फुटलं का अंडं, असं विचारायचे ते. त्याशिवाय ती पुढं जाऊ देणार नाही.’

लेकीनं घसा साफ केला. ‘फुटलं का अंडं?’

आजोबा होते तेव्हा याचं उत्तर तेच द्यायचे. त्यामुळं मी जाड आवाजाची वाट बघत होतो, आणि तो आता येणार नाही हेही मला माहीत होतं. ठकूही क्षणभर थांबली. खोलीत इकडे तिकडे पाहिलं. मग मान हलवून, हनुवटी गळ्यात रुतवून, जमेल तितक्या जाड आवाजात तीच म्हणाली,

‘आजू नाई.’

दोन शब्द. तिच्या आयुष्यातलं पहिलं वाक्य.

लेकीनं आजीकडे पाहिलं. आजीनं पदर तोंडाला लावला होता. ठकू काय म्हणाली? अंडं अजून नाही फुटलं, असं म्हणाली? की आजू नाहीत, असं म्हणाली? मी त्या वेळी तिच्या पायांवर उघडा पडलो होतो, सगळ्यांत जवळ मीच होतो. मलाही सांगता येत नाही.

‘हो गं,’ लेक म्हणाली. ‘नाही.’ आणि तिनं पान उलटलं.

त्या दुपारी मला चार वेळा वाचलं. चौथ्या वेळी लेकीचा आवाज बसला होता, तेव्हा आजीनं वाचलं. आता माझ्या कापडाची एक शिवण सुटते आहे, आणि ती नीट करणारे हात घरात नाहीत. बादलीच्या पानाचा कोपरा ठकूनं खाल्ला आहे. मी फार दिवस टिकेन असं वाटत नाही, आणि ठकूला पिल्लू कधी दाखवता येईल असंही नाही. ते माझ्या हातात नाही. मुळात माझ्या हातात काहीच नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. मित्रांनो, पुस्तकं जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात, आणि जपायची म्हणून तुम्ही ती उंचावर ठेवता. तसं करू नका. घरात एखादं बोलता न येणारं लहान मूल असेल, तर आम्हाला खाली ठेवा, जमिनीवर, त्याचा हात पोचेल तिथं. ते पुस्तक घेऊन आलं, तर त्याच्या मनात काय आहे ते ठरवत बसू नका. आधी पुस्तक उघडा. आम्ही फाटलो तर फाटलो.